तोंडावरचा रुमाल

ही गोष्ट केळशीत घडते. यातली बोट, पोरं आणि गुरुजी गोष्टीपुरते आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील, त्यांचं प्रतिसरकार आणि त्यांची लोकसभा मात्र इतिहासातली आहे, आणि त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

केळशी दापोली तालुक्याच्या पार कडेला. भारजा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूची एक उंच टेकडी उभी आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केल्यावर बाहेरचे लोक ती बघायला येऊ लागले. गावातल्या दर्यावर्दी माणसांना तिचा उपयोग वेगळा: काळोखात भरतीबरोबर होडी खाडीत घ्यायची तर ती टेकडी डोळ्यांपुढे धरायची. त्या रात्री पोरांनी तेच केलं होतं. फरक इतकाच, की मागून दोरखंडाने ओढून आणलेली दुसरी बोट त्यांची नव्हती.

ती एलईडीची बोट होती. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटीवर जनरेटर बसवतात आणि त्यावर झगझगीत दिवे लावून पाण्यावर उजेड पाडतात. उजेडाला भुलून मासळी गोळा होते, मोठी तशीच अंड्यातून नुकती बाहेर पडलेलीही, आणि मग जाळं सगळंच ओढून नेतं. साध्या जाळ्याने मासेमारी करणाऱ्याच्या वाट्याला पुढचे कित्येक दिवस रिकामं पाणी येतं. केंद्र सरकारने 2017 मध्ये या दिव्यांवर बंदी घातली, राज्याने 2021 मध्ये कायदा आणखी कडक केला, तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसायचे ते दिसतच राहिले. हर्णै, आडे, आंजर्ले, केळशी, साऱ्या किनाऱ्याचा हा राग आहे आणि तो खरा आहे. घरात बाई टोपली घेऊन तयार बसलेली असते आणि होडी डिझेलचे पैसेही न निघता परत येते, तेव्हा कायद्याचं कलम सांगणाऱ्याचं तोंड बघावंसं वाटत नाही.

पोरं सातजण होती. तोंडावर रुमाल बांधलेले, हातात काठ्या, एकाकडे कोयता. त्यांनी बोटीवरचा तांडेल आणि चार खलाशी यांना टेकडीखालच्या जाळी ठेवायच्या खोपीत बसवलं होतं आणि दादाला बोलावणं धाडलं होतं.

दादा म्हणजे त्यांचाच म्होरक्या. दोन वर्षांपूर्वी अशीच एक बोट त्यानेच पहिल्यांदा अडवली होती, तेव्हापासून तो दादा झाला. नुकत्याच झालेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो सदस्य म्हणून निवडून आला होता आणि पंचायतीची पहिली सभा दोन दिवसांवर आली होती. तो खोपीशी आला तेव्हा पोरांनी त्याच्या हातातही एक रुमाल दिला.

"बांध. आणि सांग काय करायचं ते. आम्ही म्हणतो, पायावर दे. पुन्हा या पाण्यात येता कामा नयेत."

दादाने रुमाल बांधला नाही आणि परतही दिला नाही. तो म्हणाला, "गुरुजींना बोलवा."

गुरुजी मूळचे वाळवा तालुक्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नोकरीला म्हणून कोकणात आले, दोन बदल्यांनंतर केळशीला लागले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्याकडे अक्षर शिकल्या. आता सत्तरी ओलांडलेली, कानाला थोडं कमी, पण घाटावरचा आवाज अजून खणखणीत. ते आले, कंदिलाच्या उजेडात आधी पोरांकडे बघितलं, मग खोपीत बसलेल्या पाचजणांकडे.

"कोण रे तुम्ही? रुमाल सोडा, मला वळखू येईना."

कुणी रुमाल सोडला नाही.

"बरं. यांचं काय म्हणणं हाय, ऐकलं का?"

"यांचं काय ऐकायचं गुरुजी?" त्यातला सगळ्यात तापलेला पोरगा म्हणाला. "रंगेहाथ धरलेत. तुम्हीच तर शाळेत सांगायचात, तुमच्याकडे पत्री सरकार होतं. सावकाराच्या, गावगुंडाच्या तळपायावर पत्री ठोकायचे. मग आम्ही केलं तर काय चुकलं?"

गुरुजी जाळ्याच्या ढिगावर बसले. बराच वेळ गेला. मग ते बोलले ते पोरांकडे बघून नाही, दादाकडे बघून.

"सांगितलं, पण अर्धं सांगितलं. चौथीच्या पोरांना तेवढंच आवडतं. आज उरलेलं ऐका.

"माझा बाप लंगडायचा. कशानं, ठाऊक हाय? चव्वेचाळीस सालात एका रात्री तोंडं झाकलेली पाचसहा माणसं आली. म्हणाली, आम्ही पत्री सरकारची. बापाला बाहेर काढलं आणि पायावर मारलं. बापानं गुन्हा काय केला ते त्याला कुणी सांगितलं नाही. पुढं महिन्याभरानं प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळाची माणसं गावात आली. चावडीपुढं बसली, उघड्या तोंडानं, दिवसाढवळ्या. म्हणाली, ती आमची माणसं नव्हती. आमच्या नावाखाली भावकीनं बांधाचा राग काढला. दोन्ही बाजूंचं ऐकलं, बांध मोजला, वितभर जमीन परत दिली. बाप पुढं जन्मभर मंडळाचं नाव काढायचा. पण पाय काही नीट झाला नाही."

पोरं ऐकत होती. तांडेलही ऐकत होता. त्याला मराठी किती कळत होतं कोण जाणे.

इथे मला थोडं थांबून ते प्रतिसरकार कसं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण आज त्यातलं पत्रीच तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं आहे. 1942 च्या ऑगस्टनंतर सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगलीचाही बराच भाग होता, लोकांनी निःशस्त्र मोर्चे काढले. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि 1943 पासून गावोगाव समांतर कारभार उभा राहिला. कुंडलला तुफान सेना निघाली, जी. डी. बापू लाड तिचे फील्ड मार्शल. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, 14 एप्रिल 1944 ला धुळ्याचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला. लढाईची ही बाजू. दुसरी बाजू अशी, की न्यायदान मंडळं गावातल्या तंट्यांचा निवाडा करत होती, सावकाराकडे अडकलेल्या जमिनी सोडवत होती, दारू बंद करत होती, कमी खर्चात गांधी विवाह लावत होती. इंग्रजांचं राज्य डोक्यावर असताना लोक कोर्टात न जाता मंडळाकडे येत. माझ्या मते तुफान सेनेच्या बंदुकांपेक्षा इंग्रजांना याचीच जास्त धास्ती होती. बंदूकवाल्याला पकडता येतं. ज्याच्यावर गावाचा विश्वास बसला त्याला कुठल्या कलमाखाली पकडायचं?

या सगळ्याचं नाव नाना पाटील. जन्म 3 ऑगस्ट 1900, गाव येडे मच्छिंद्र. तलाठ्याची नोकरी 1930 मध्ये सोडून चळवळीत उतरलेला माणूस. भूमिगत झाल्यावर त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लागलं, सरकारने त्यांचं घर आणि शेत जप्त केलं. मागे राहिली म्हातारी आई आणि मुलगी हौसाबाई. भीतीपोटी गावात कुणी कामालाही बोलवेना, तेव्हा बैलगाडीतून गूळ-शेंगा वाहून त्यांनी दिवस काढले. पुढे तीच मुलगी तुफान सेनेत दाखल झाली. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर तिने आणि एका सोबत्याने नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग घेतलं, त्याने तिला खरोखरीचं मारलं, पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी चौकीतल्या बंदुका उचलल्या.

गुरुजींनी हे सगळं पोरांना सांगितलं. ती बंदुकांची गोष्ट आली तेव्हा रुमालाआडून दोघंतिघं हसलीही. मग गुरुजींनी विचारलं, "आता सांगा, शेहेचाळीस साली नाना बाहेर आले. वॉरंटं मागं घेतली गेली. पुढं काय केलं त्यांनी?"

कुणाला सांगता आलं नाही. दादालाही नाही.

"हेच ते. तुम्हाला चार वर्षांचे नाना ठाऊक हायत. पुढची तीस वर्षं कुणी विचारत नाही. चार वर्षं नाना रात्रीचे हिंडले, नाव लपवून, वेश बदलून, आज या गावात तर उद्या त्या गावात. आणि मग तोच माणूस मतपत्रिकेवर नाव घालून उभा राहिला. म्हणाला नाही, की मी लढलो, आता तुम्ही मला मुकाट्यानं माना. काँग्रेस पटली नाही तर सोडली. शेतकरी कामगार पक्षात गेले, मग कम्युनिस्ट पक्षात. पंचावन्न साली डहाणूला किसान सभेचे अध्यक्ष झाले. सत्तावन्नला साताऱ्यानं त्यांना लोकसभेत पाठवलं. मी अकरा वर्षांचा होतो, बापाच्या खांद्याला धरून सभेला गेलो होतो. बाप लंगडत चार कोस चालला. गडी बोलायला उभा राहिला की बांधावर बसून बोलल्यागत बोलायचा, पण हजारो माणूस हलायचं नाही."

"मग?" तापलेला पोरगा म्हणाला. "खासदार होऊन काय मिळवलं?"

हा प्रश्न साधा नाही, आणि गुरुजींनी तो टाळला नाही. संयुक्त महाराष्ट्र मिळाला, पण तो एकट्या नानांनी मिळवलेला नव्हे. दिल्लीत जाऊन ते मराठीतून बोलले. ज्यांच्या शेतात-घरात ते चार वर्षं लपले त्यांना कळेल अशा भाषेत. मंत्रिपद मिळालं नाही. घरावर माडी चढली नाही. दहा वर्षांनी, 1967 मध्ये, ते पुन्हा लोकसभेत गेले ते बीडमधून. बीड म्हणजे ना त्यांचं गाव, ना भावकी, ना तुफान सेनेचा मुलूख. तिथल्या माणसांनी सहासष्ट वर्षांच्या परक्या म्हाताऱ्याला मत दिलं. 6 डिसेंबर 1976 ला ते गेले.

नानांबरोबरचे लोकही एकाच वाटेने गेले नाहीत. यशवंतराव चव्हाण त्याच बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतले; ते काँग्रेसमध्ये राहिले आणि मुख्यमंत्री झाले. 24 जुलै 1943 ला सांगलीचा तुरुंग फोडताना गोळी खाल्लेले वसंतदादा पाटीलही काँग्रेसमध्ये राहिले. त्यांनी साखर कारखाना उभा केला आणि पुढे तेही मुख्यमंत्री झाले. येरवड्याहून निसटलेले किसन वीर काँग्रेसकडून साताऱ्याचे खासदार झाले. जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा नायकवडी विरोधी बाकांवर आमदार म्हणून बसले. 1957 च्या निवडणुकीत हे एका ताटात जेवलेले लोक समोरासमोर उभे होते, एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला संयुक्त महाराष्ट्र समिती. आयर्लंडमध्येही 1919 मध्ये असंच समांतर सरकार झालं होतं, त्यांचीही न्यायालयं गावोगाव चालत. पण इंग्रजांशी तह झाल्यावर 1922 मध्ये तिथल्या जुन्या सोबत्यांनी एकमेकांवरच बंदुका रोखल्या आणि वर्षभर एकमेकांची माणसं मारली. साताऱ्याच्या त्या माणसांनी सत्तावन्नचं भांडण सभेत आणि मतपेटीत भांडलं. बंदूक हाती घेणाऱ्यांचा गौरव आपण पुष्कळ केला. ती खाली ठेवून विरोधी बाकावर बसायला किती ताकद लागते, याचा गौरव मात्र कमी केला, असं मला मनापासून वाटतं.

"आता माझा प्रश्न," गुरुजी म्हणाले. "नाना रात्री हिंडत होते तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं. मत नव्हतं, दाद नव्हती, मोर्चा काढला तर गोळी होती. तुम्ही गेल्या महिन्यात याला मत दिलं. परवा हा पंचायतीत बसणार. मग आज रात्री यानं तोंड झाकायचं, की परवा बसायचं? एकच काहीतरी होईल. रात्री ज्यानं रुमाल बांधला तो दिवसा खुर्चीत बसला, तर गावाला दोन माणसं दिसतील, आणि त्यातल्या कुठल्यावर भरवसा ठेवायचा ते गाव ठरवू शकणार नाही."

"म्हणजे बोट सोडायची?" पोरगा उसळला. "हे आज सुटले की उद्या परत दिवे लावतील!"

"सोड कोण म्हणालं? आधी ऐक तरी."

मग तांडेलाचं ऐकलं. तो मोडक्या हिंदीत बोलला. बोट त्याची नव्हती. मालक कुठल्याशा बंदरात बसलेला, त्याचा या पाण्याशी संबंध फक्त मोबाईलवरून. खलाशांपैकी दोघं नेपाळचे. हंगामाचा हिशेब हंगाम संपल्यावर, तोपर्यंत उचलीवर दिवस काढायचे. दिवे लावले नाहीत तर उद्या दुसरा तांडेल. त्यातला एक खलाशी जेमतेम विशीचा असेल. तो सारखा स्वतःच्या पायांकडे बघत होता. पायांवर मारणार एवढं मात्र त्याला नक्की कळलं होतं.

दादाने हातातला रुमाल जाळ्यांवर टाकला. पोरांपैकी एकाला चहा आणायला पाठवलं, पाचही जणांचे हात सोडले. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला रात्रीच फोन लावला: बोट खाडीत आहे, जनरेटर आणि दिवे जागेवर आहेत, पंचनाम्याला या. दिव्यांचे, जनरेटरचे, नोंदणी क्रमांकाचे फोटो काढले. मग तो म्हणाला, "यांना रात्रभर डांबून ठेवलं, हे मी सांगणार. माझ्या सांगण्यावरून ठेवलं, असं सांगणार."

"तू इथे नव्हतास," एकजण म्हणाला.

"मी शिकवलेलं तुम्ही केलंत. तुमची नावं तुम्ही सांगायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने तो दापोलीला गेला आणि पोलीस ठाण्यात जबाब दिला. सातातले दोघं त्याच्याबरोबर गेले. बाकीचे पाच गेले नाहीत. तापलेला पोरगा तर त्यानंतर त्याच्याशी बोलेनासा झाला. बाजारात भेटला तरी तोंड फिरवून पुढे जायचा. गावातही दोन तट पडले. कुणी म्हणालं, निवडून आला आणि भ्याला. कुणी म्हणालं, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. दादाच्या आईने दोन दिवस त्याच्याशी धड अबोलाही धरला नाही आणि धड बोललीही नाही. माणसं डांबल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. बोटीवरही कारवाई झाली, मालकाला दंड भरावा लागला. पण बोट सुटायची ती सुटलीच.

परवाच्या सभेत दादा बसला. गुन्हा दाखल आहे हे त्याने आपण होऊन सांगितलं, जामीन झाला आहे हेही सांगितलं. पुढे दोनेक महिने किनाऱ्यावर दिवे दिसले नाहीत. नंतर पुन्हा दिसले. त्या रात्री होडी काढून निघालेल्या पोरांना त्याने बंदरावर अडवलं. खूप शिवीगाळ झाली. मग त्यांच्यातला एकजण मोबाईलवर चित्रण करायला म्हणून होडीत बसला आणि दादा त्याच्या शेजारी बसला. लांबूनच चित्रण केलं, क्रमांक दिसेपर्यंत थांबले आणि परत आले.

ग्रामसभेत त्याने ठराव मांडला: दिवे लावून मासेमारी करणाऱ्या बोटींची तारीख, वेळ आणि क्रमांकासह नोंद ग्रामपंचायत ठेवील, दर महिन्याला खात्याकडे पाठवील, खात्याने काय केलं ते पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवलं जाईल, आणि तक्रारदाराचं नाव प्रत्येक नोंदीखाली असेल. नावाच्या अटीवरून बरीच वादावादी झाली. बोटमालक बडे आहेत, उद्या घरावर माणसं पाठवतील, नाव कशाला हवं, असं बरेचजण म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. दादा म्हणाला, पहिल्या सहा महिन्यांच्या सगळ्या नोंदींखाली माझं नाव घाला, पुढचं पुढे बघू.

ग्रामसेवकाने सूचक म्हणून त्याचं नाव लिहिलं आणि विचारलं, "अनुमोदक कोण?"

पुरुषांच्या बाजूने कुणी हात वर केला नाही. बायकांच्या बाजूला त्या तापलेल्या पोराची आई बसली होती. रोज पहाटे टोपली घेऊन दापोलीच्या बाजारात जाणारी. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "माझं लिवा. आणि पूर्ण लिवा, नवऱ्याच्या नावासकट."

गुरुजी मागे भिंतीला टेकून बसले होते. त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याने कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं, तोवर ग्रामसेवकाने पुढचा विषय वाचायला घेतला होता: नळपाणी योजनेची थकबाकी.